गोठ्यापासून ओठांपर्यंत

पेण तालुक्यात डोंगरांच्या कुशीत गागोदे बुद्रुक नावाचे एक लहानसे गाव आहे. ते ज्या जिल्ह्यात आहे त्यास आज रायगड म्हणतात. पूर्वी त्याचे नाव कुलाबा असे होते. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म याच गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला, आणि त्यांच्या बालपणाची पहिली वर्षेही येथेच गेली. त्या काळी कोकणातील अशा खेड्यात दुधाचा प्रवास फारच थोडा असे. पहाटे गोठ्यात गाईपुढे गवताची पेंढी टाकावी, वासराला क्षणभर पाजून पान्हा फुटला की त्यास बाजूला बांधावे, आणि चरवी गुडघ्यांत धरून धार काढावी. ती फेसाळ चरवी उचलून वीसपंचवीस पावले चालले की स्वयंपाकघर आले. तेथे दूध चुलीवर चढे, उतू जाण्याच्या बेतात आले की खाली उतरे, आणि मग मुंग्यांपासून व मांजरापासून दूर, शिंक्यावर जाऊन बसे. उरलेले दूध रात्री विरजले जाई. सकाळी त्याचे दही होई, दुपारी ताक. कोकणातील गाय अंगाने लहान व दूधही बेताचेच देणारी. त्यामुळे विकण्याजोगे दूध फारसे नसेच. जे निघे ते घरातील मुलांना व आजाऱ्यांना, आणि पाहुणा आला तर त्याला.

गोठ्यापासून ओठांपर्यंतचा हा रस्ता इतका आखूड होता, की त्यावर काही बिघडण्यास अवकाशच नव्हता. शिवाय त्याच्या मध्यावर अग्नी बसलेला होता. दूध तापविल्यावाचून मुलांना द्यावयाचे नाही, ही रीत घरोघरी होती. दूध तापविणाऱ्या माउलीला जंतू हा शब्द ठाऊक नव्हता. न तापविलेले दूध नासते, एवढे मात्र तिला अनुभवाने कळले होते, आणि त्या एका अनुभवाने तिने आपल्या मुलांचे पुष्कळ रोगांपासून रक्षण केले.

दूध हे अन्न म्हणून इतके परिपूर्ण आहे की ते केवळ वासराला आणि माणसाच्या मुलालाच मानवते असे नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जंतूंनाही ते तितकेच मानवते. त्यात साखर आहे, प्रथिने आहेत, स्निग्धांश आहे, क्षार आहेत, पाणी आहे, आणि धार काढते वेळी हवीहवीशी ऊबही आहे. अशा उबेत पुष्कळशा जंतूंची संख्या वीस ते तीस मिनिटांत दुप्पट होते. वीस मिनिटांचा हिशेब धरून पाहा. सकाळी सहा वाजता दुधात एकच जंतू पडला आहे असे समजा. सात वाजता त्याचे आठ होतील, आठ वाजता चौसष्ट होतील. दहा वाजता ते चार हजारांवर जातील. दुपारी एक वाजता तेच दूध कोणी प्याले, तर त्याच्या पोटात वीस लाखांहून अधिक जंतू जातील. प्रत्यक्षात पहिला जंतू एकटा कधीच येत नाही. तो गाईच्या आचळावरील शेणाबरोबर येतो. धार काढणाऱ्याच्या हाताबरोबर, भांडे विसळलेल्या पाण्याबरोबर, माशीच्या पायांबरोबर येतो. आणि येतो तेव्हा सोबतीला हजारो भाऊबंद घेऊन येतो. यांतील बहुतेक जंतू निरुपद्रवी असतात. दुधाचे दही करणारे जंतू तर आपले मित्रच होत. परंतु त्याच गर्दीत विषमज्वराचा, क्षयाचा किंवा हगवणीचा जंतू शिरला, तर दुधाच्या रंगावरून, वासावरून वा चवीवरून तो मुळीच ओळखू येत नाही. म्हणून दूध किती काळ आणि कशा स्थितीत वाटेवर होते, हा प्रश्न केवळ गवळ्याच्या नफ्यातोट्याचा राहत नाही. तो लहान मुलांच्या जिवाचा प्रश्न होतो.

एकोणिसाव्या शतकात हा रस्ता लांबला. कापडाच्या गिरण्या निघाल्या, बंदर वाढले, आगगाड्या सुरू झाल्या आणि कोकणातील गावांतून माणसे पोट भरण्यासाठी मुंबईस जाऊ लागली. त्यांच्याबरोबर बायकामुले गेली, परंतु गोठा गेला नाही. चाळीतील एका खोलीत जेथे माणसांनाच पाय पसरण्यास जागा नव्हती, तेथे गाय कोण बांधणार? दूध आता विकत घ्यावे लागे. ते देणारे तबेले शहराच्या भर वस्तीत होते. गुजरात, काठेवाड अशा दूरदूरच्या प्रदेशांतून ताज्या विणीच्या म्हशी आणून त्या तेथे दाटीदाटीने बांधीत. चारा विकतचा, पाणी विकतचे, जागेचे भाडे भारी. म्हणून म्हैस आटली की पुढील वेतापर्यंत तिला पोसणे तबेलेवाल्यास परवडत नसे. पुष्कळशा उत्तम म्हशी एका वेतानंतरच कसायाकडे जात आणि पारडी तर उपाशीच मरत. जे दूध असे महागात पडे, त्यात पाणी घालण्याचा मोह कोणाला आवरणार! आणि ते पाणी नळाचेच असेल असा भरवसा नसे. शेरभर दुधात पावशेर पाणी मिसळणाऱ्याने गिऱ्हाइकाला पावशेराने ठकविले, इतकेच त्या काळी लोकांस वाटे. त्या पाण्यातून आणखी काय मिसळले गेले, हे कोणासच दिसत नव्हते.

मुंबईवरच हे संकट कोसळले होते असे नाही. जगात जेथे जेथे मोठी शहरे उभी राहिली, तेथे तेथे तेच घडले. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात दारूच्या भट्ट्यांना लागूनच गाईंचे गोठे बांधलेले होते. दारू गाळल्यावर उरणारा आंबूस चोथा हेच त्या गाईंचे खाद्य. त्या रोगट गाईंचे निळसर, पातळ दूध खडू वगैरे घालून पांढरे व दाट केलेले असे. १८५८ साली एका सचित्र वृत्तपत्राने या गोठ्यांची चित्रे छापली, तेव्हा कोठे नागरिकांचे डोळे उघडले.

दुधातून रोग पसरतो, ही गोष्ट मात्र त्याच सुमारास एका खेडवळ डॉक्टराच्या ध्यानी आली होती. इंग्लंडच्या उत्तरेस पेन्रिथ नावाचे लहान गाव आहे. १८५७ साली तेथे विषमज्वराची साथ आली. डॉक्टर टेलर यांनी कोणकोणत्या घरी रोगी आहेत याची नोंद ठेविली, तेव्हा त्यांना आढळून आले की आजारी पडलेली कुटुंबे एकाच ठिकाणचे दूध घेत होती. त्या दूधवाल्या घरची मुलगी लिव्हरपूलहून ताप घेऊन आली होती. तिची शुश्रूषा आणि दुधाचे काम, दोन्ही एकाच हातांनी होत होते. तेथे सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते की प्रयोगशाळा नव्हती. गावातील घरांची ओळख आणि नीट ठेविलेली नोंद एवढ्यावरच हा शोध लागला. योगायोग असा की त्याच १८५७ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी दूध कशाने आंबते याविषयीचा आपला निबंध मांडला. दूध आपोआप आंबत नाही. ते आंबविणारे सजीव जंतू असतात, असे त्यांनी सांगितले. पुढे काही वर्षांनी द्राक्षासव टिकत नाही अशी तक्रार त्यांच्यापुढे आली. आसव उकळले तर त्याची चव बिघडे. पाश्चर यांनी ते उकळीच्या पुष्कळ खालपर्यंतच तापविले आणि पाहिले, तो तेवढ्याने त्यातील उपद्रवी जंतू मेले व चवही राहिली. या युक्तीलाच पुढे पाश्चरीकरण हे नाव मिळाले. ती दुधास लावावी ही सूचना मात्र इतरांनी केली. ज्यांच्या नावाने दुधाची पिशवी आज ओळखली जाते, त्या पाश्चरांनी हा प्रयोग आसवावर केला होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

येथे कोणी म्हणेल, एवढी यातायात कशास? जनावर दारात आणावे आणि डोळ्यांदेखत धार काढून घ्यावी, म्हणजे ना पाण्याची भेसळ, ना शिळेपणा. हा उपायही लोकांनी करून पाहिलेला आहे. आपल्याकडील शहरांतून गवळी म्हैस घेऊन दारोदार फिरत. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर तर शेळ्यांचे कळपच्या कळप रस्त्यांतून हिंडत, आणि मागेल त्याच्या उंबऱ्याशी दूध काढून देत. त्याहून ताजे दूध कोठले! परंतु त्याच बेटावर इंग्रज शिपायांना महिनेच्या महिने छळणारा एक चिवट ताप होता. त्याचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ साली शोधला. तो माणसात शिरतो कोठून, हे मात्र अठरा वर्षे कळेना. १९०५ साली थेमिस्टोक्लेस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरांनी काही शेळ्यांचे रक्त तपासले. शेळ्या दिसावयास धडधाकट, चरत होत्या, बागडत होत्या, आणि त्यांच्याच रक्तात व दुधात तो जंतू सापडला. त्याच वर्षी या बेटावरून अमेरिकेस निघालेल्या एका जहाजावर शेळ्या होत्या. त्यांचे कच्चे दूध पिणारे खलाशी एकामागून एक तापाने आजारी झाले. १९०६ साली शिपायांना शेळीचे दूध देणे बंद केले, आणि छावणीतील ताप झपाट्याने ओसरला. ताजेपणा आणि निर्धोकपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे माल्टाच्या शेळ्यांनी जगास शिकविले. गागोद्यासारख्या गावातील गृहिणीने गोठ्यातील ताजे दूधही चुलीवर चढविले, त्याचे मोल येथे कळते. गाय बाहेरून निरोगी दिसते म्हणून आतूनही निरोगीच असेल, असे मानण्याचा धोका तिने नकळत टाळला होता.

इंग्लंड-अमेरिकेत दूध कच्चेच पिण्याची चाल होती. म्हणून तेथे पाश्चरीकरणासाठी मोठा लढा द्यावा लागला. नेथन स्ट्रॉस नावाच्या एका न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने १८९३ पासून स्वतःच्या खर्चाने दूध-केंद्रे काढून गरिबांच्या मुलांना पाश्चरीकृत दूध देण्यास आरंभ केला. पुष्कळांनी त्यास विरोध केला. तापविल्याने दुधाचे सत्त्व जाते असे काहींचे म्हणणे होते. तापविण्याची सोय झाली की गोठे घाणेरडे ठेवण्यास मोकळीक मिळेल, असे काहींचे. दुसरा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. परंतु लेकरांचे मृत्यू कमी झालेले दिसले, तेव्हा वाद मागे पडला. १९०८ साली शिकागो शहराने पाश्चरीकरणाचा कायदा केला.

मुंबईत दूध तापविण्याची चाल होती, तरी तेवढ्याने भागण्याजोगे नव्हते. तापविलेल्या दुधातही घरी पोचेपर्यंत झालेला नासकेपणा, मिसळलेले पाणी आणि काढून घेतलेली साय ही तशीच राहत. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली, असा आकडा मिळतो. हा आकडा जसाच्या तसा घेणे बरोबर नाही. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास कोकणातील वा देशावरील आपल्या गावी जात. तेव्हा जन्माची नोंद गावाकडे होई आणि मृत्यूची मुंबईत. अर्भकांच्या मृत्यूस कोंदट खोल्या, दारिद्र्य, मातांचा अशक्तपणा अशी इतर कारणेही होती. तरीही एवढे सगळे वजा घालून जे उरते, तेही मन सुन्न करणारे आहे. डॉक्टर लेम्युएल लुकस जोशी यांनी १९१६ साली हिंदुस्थानातील शहरांच्या, विशेषतः मुंबईच्या, दुधाच्या प्रश्नावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता. रोग कोठे आहे हे जाणत्यांना दिसत होते. उपाय करण्यास मात्र आणखी तीस वर्षे जावी लागली.

दुसरे महायुद्ध चालू असता मुंबईत सैन्य व माणसे यांची गर्दी झाली आणि दुधाची टंचाई पराकोटीस गेली. त्या दिवसांतील एक गोष्ट अशी सांगतात, की मुंबईच्या दुधाचा नमुना विलायतेत तपासण्यास पाठविला असता, लंडनच्या गटारातील पाण्याहूनही तो अधिक घाण ठरला! गोष्टीत थोडीफार अतिशयोक्ती असेल, परंतु सरकारला जागे करण्यास ती पुरेशी झाली. १९४५ च्या सुमारास मुंबई सरकारने दूध-योजना आखली. दारा खुरोडी हे या योजनेचे प्रमुख कर्ते; पुढे ते दूध आयुक्त झाले. शहरात चांगले दूध निपजत नसेल तर ते जेथे निपजते तेथून आणावे, असा विचार होऊन सुमारे चारशे किलोमीटर दूर असलेल्या गुजरातमधील आणंद गावाची निवड झाली. दूध तेथे पाश्चरीकृत करावे, थंड करावे, बरण्यांत भरून त्यांभोवती गार पाण्यात भिजविलेली पोती गुंडाळावी आणि आगगाडीने रात्रीत मुंबईस पोचवावे, असा तो बेत होता. भिजल्या पोत्यांवर मुंबईच्या आरोग्याचा भार! आज हसू येते. पण ती युक्ती चालली.

पोतीच का, हे समजून घेतले पाहिजे. आग जंतूंना मारते, तर थंडी त्यांना झोपविते. दूध चार-पाच अंश सेल्सियसपर्यंत निवविले की त्यातील उरलेल्या जंतूंची वाढ फार मंद होते; मघाच्या हिशेबातील वीस मिनिटांचे अनेक तास होतात. म्हणून लांबच्या रस्त्यावर दुधाला दोन सोबती लागतात, आधी विस्तव आणि लगेच बर्फासारखा गारवा. पाश्चरीकरणाच्या एका रीतीत दूध ६३ अंश सेल्सियसवर अर्धा तास ठेवितात. दुसऱ्या रीतीत ते ७२ अंशांवर केवळ पंधरा सेकंद धरून ताबडतोब थंड करितात. क्षयाचा जंतू मोठा चिवट; तो मरावा इतके हे तापमान ठरविलेले आहे. परंतु यंत्र चालविणाऱ्याने आळस केला, पंधराऐवजी दहाच सेकंद धरले, तर ते कसे कळावे? यासाठी शास्त्रज्ञांनी दुधातच एक साक्षीदार शोधून काढिला आहे. कच्च्या दुधात फॉस्फटेज नावाचे एक द्रव्य निसर्गतःच असते. क्षयाचा जंतू ज्या उष्णतेने मरतो, तिच्याहून किंचित अधिक उष्णतेनेच ते नष्ट होते. तपासणीत ते शिल्लक आढळले, तर दूध पुरते तापले नाही असे समजावे. ते नसले, तर क्षयाचा जंतूही गेला अशी खात्री बाळगावी.

पाण्याची भेसळ ओळखण्याच्या युक्तीतही अशीच गंमत आहे. दुग्धमापक म्हणजे एक काचेची पोकळ नळी. ती दुधात सोडिली की दुधाच्या दाटपणानुसार वर तरंगते वा खाली बुडते. पाणी घातले की नळी अधिक बुडते आणि चोरी उघडी पडते. पण चोरही काही कमी नव्हते. साय पाण्याहून हलकी असल्यामुळे ती काढून घेतली, तर उरलेले दूध अधिक जड होते. म्हणजे आधी साय काढावी, मग बेताने पाणी घालावे. दुग्धमापक बिचारा पूर्वीच्याच खुणेवर उभा! हा डाव मोडण्यासाठी दुधातील स्निग्धांश स्वतंत्र मोजणे भाग होते. १८९० साली अमेरिकेतील बॅबकॉक या प्राध्यापकाने त्याची सोपी रीत शोधली. तिचे हक्क स्वतःकडे न राखता त्याने ती सर्वांस खुली करून दिली. स्वित्झर्लंडमधील गर्बर यांची याच जातीची रीत आपल्याकडे अधिक रूढ आहे. दुधात विशिष्ट प्रमाणात आम्ल घालून ती कुपी गरगर फिरविली की स्निग्धांश वर येऊन नळीत उभा राहतो आणि किती टक्के आहे ते वाचता येते.

या कुपीने केवळ चोर पकडले नाहीत, तर शेतकऱ्याला न्यायही दिला. आणंद हे तेव्हा खेडा जिल्ह्यातील गाव होते. तेथील दूध गोळा करण्याचा मक्ता पोलसन या खाजगी कंपनीकडे होता. आपल्याला मिळणारा भाव अन्यायाचा आहे असे शेतकऱ्यांना वाटत होते. सरदार वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्याने आणि मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत १९४६ च्या जानेवारीत त्यांची सभा झाली. शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घालणे बंद ठेविले. मुंबईस दूध जाईना. सरकारला नमावे लागले. त्याच वर्षी १४ डिसेंबर रोजी शेतकऱ्यांच्या सहकारी संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे धुरीण; १९४९ मध्ये व्हर्गीस कुरियन हे तरुण अभियंते त्यांना येऊन मिळाले. १९४८ साली मुंबईच्या योजनेसाठी या संघाने दूध पाठविण्यास प्रारंभ केला, तेव्हा ते दिवसाला सुमारे अडीचशे लिटरच होते. गावच्या केंद्रावर सकाळ-संध्याकाळ रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या दुधाचा चमचाभर नमुना निराळा काढावयाचा, त्यातील स्निग्धांश मोजावयाचा आणि त्याप्रमाणे पैसे द्यावयाचे. पाणी घालून काही मिळेना, तेव्हा पाणी घालण्याचे कारणच उरले नाही. कित्येक कायद्यांना जे साधले नव्हते, ते या साध्या हिशेबाने साधले.

इकडे मुंबईत तबेल्यांचा प्रश्न उभाच होता. गोरेगावजवळील डोंगराळ जमिनीवर १९४९ साली आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. सुमारे १,२८७ हेक्टरांच्या त्या हिरव्या परिसरात बत्तीस मोठे गोठे बांधून सोळा हजार जनावरांची सोय केली गेली, आणि शहरातील तबेलेवाल्यांना आपल्या म्हशी तेथे नेण्यास सांगण्यात आले. म्हशी मालकांच्याच राहिल्या. गोठे, पाणी, गुरांचे डॉक्टर ही व्यवस्था सरकारची. ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी तेथे एक रोप लावून वसाहतीचे उद्घाटन केले. शहरातील सगळेच तबेले त्यामुळे उठले असे नाही. पण भर वस्तीतील दाटी पुष्कळ कमी झाली. आरेच्या दुग्धालयात दूध पाश्चरीकृत होऊन काचेच्या बाटल्यांत भरले जाई आणि तोंडावर ॲल्युमिनियमचे पातळ झाकण बसे. पहाटे अंधारातच बाटल्यांचे खणखणते क्रेट घेऊन मोटारी निघत. दूध-केंद्रांपुढे कार्ड व रिकाम्या बाटल्या घेऊन माणसांच्या रांगा लागत, आणि केंद्रावर काम करणाऱ्यांत कॉलेजात शिकणारी मुले-मुलीही असत. मुंबईतील एका पिढीची सकाळ या बाटल्यांच्या आवाजाने उजाडत असे.

तरीही गरिबाला म्हशीचे निर्भेळ दूध परवडत नव्हते. त्यावर खुरोडी यांनी काढलेली तोड अशी: म्हशीच्या दुधात सुमारे सात टक्के स्निग्धांश असतो. त्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी व शुद्ध पाणी योग्य प्रमाणात मिसळले, म्हणजे तीन टक्के स्निग्धांशाचे, पण प्रथिनांनी कमी नसलेले दूध तयार होते, आणि एका लिटरचे दोन लिटरांहून अधिक होते. यालाच टोन्ड दूध म्हणतात. मुंबईत ते १९४६ साली प्रथम निघाले. गवळ्याने पाणी घातले तर दंड आणि सरकारने घातले तर योजना, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु दोहोंत मोठा भेद आहे. येथे काय व किती मिसळले हे उघड सांगितलेले असते, पाणी निर्जंतुक असते आणि किंमतही त्या मानाने कमी असते. आणंदला हिवाळ्यात म्हशी इतके दूध देत की मुंबईस ते सारे खपत नसे. त्याचे काय करावे हा प्रश्न ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी तेथे नवा कारखाना उघडून सोडविण्यात आला. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते, एच. एम. दलाया यांनी ती करून दाखविली होती. त्या कारखान्यास युनिसेफ व न्यूझीलंड सरकार यांचे साहाय्य झाले. १९६३ साली खुरोडी, कुरियन व त्रिभुवनदास या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला.

कायद्याची पावलेही या सुमारास पडली. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली संमत झाला. त्याची जागा पुढे अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली; तो २००६ सालचा आहे. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. चोरांनीही विश्रांती घेतली नाही. पाण्याच्या जोडीला युरिया, धुण्याची पूड, हलके तेल असे पदार्थ येऊ लागले, आणि दुग्धमापकाच्या जागी नव्या चाचण्या आणाव्या लागल्या. हा पाठलाग अद्याप चालूच आहे.

काचेच्या बाटल्या गेल्या. त्यांच्या जागी पिशव्या आल्या. पेण व रोहे येथील बाजारांतील दुकानांतही आज पिशवीतले दूध मिळते. ज्या कोकणातून माणसे मुंबईस गेली, त्याच कोकणात आता दूध बाहेरून येते. पिशवीवरचा मजकूर वाचण्यासारखा असतो. दूध टोन्ड आहे की गाईचे, स्निग्धांश किती टक्के, पाश्चरीकरण झाले आहे की नाही, ते कोणत्या दिवसापर्यंत वापरावे आणि कोणत्या तापमानात ठेवावे, हे सारे तेथे छापलेले असते. पाश्चरीकरण झालेले दूध पुन्हा उकळण्याची तशी गरज नाही, असे शास्त्र सांगते. मात्र ते वाटेवर क्षणभरही गारव्याबाहेर राहिलेले नसावे, ही त्याची अट आहे. पावसाळ्यात वीज जाते, दुकानातील शीतपेटी बंद पडते, मोटार घाटात अडकते. म्हणून घरातील आजी पिशवीवरचे अक्षर नातीकडून वाचून घेते, मान डोलाविते, पिशवीचा कोपरा कापते आणि दूध पातेल्यात ओतून ते पातेले विस्तवावर ठेविते.